दहा हजार फुटांवर दिवे

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. खाली गाडी येऊन उभी आहे आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचललेलाच नाही.

आज मी पहिल्यांदा खऱ्या विमानात, खरे प्रवासी मागे घेऊन, उजवीकडच्या खुर्चीत बसले. इतके महिने सगळं त्या खोट्या विमानात चालायचं, जे हलतं पण उडत नाही. आज मागे माणसं होती, आत्या! एक बाळ तर चढतानाच भोकाड पसरून रडत होतं. वाटलं, याला कोणी सांगितलं की काय, पुढे कोण बसलंय ते.

डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन. आम्ही सगळे त्यांना खोकलेबुवा म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आणि हे बाबांना मुद्दाम सांग. मी निघताना ते म्हणाले होते ना, ‘जा, तिकडे जाऊन काय दिवे लावायचे ते लाव!’ तर म्हणावं, लावले! पहिल्याच दिवशी लावले, आणि तेही दहा हजार फुटांवर. खोकलेबुवा माझ्याकडे बघतच राहिले. एक शब्द बोलले नाहीत.

बाकी सविस्तर मागाहून. हॉर्नवाला आता जिना चढून येईल.

तुझी,
चिमणी


९ फेब्रुवारी

चिमणे,

अगं काय करून बसलीस?

तुझी पत्रं मी कशी वाचते ते तुला माहीत आहे. गल्ल्यावर बसायचं, चष्मा लावायचा आणि मनातल्या मनात वाचायचं, म्हणजे दादाला मागच्या शेल्फापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मनातल्या मनात. तो विचारणार नाही, मी सांगणार नाही. पण तू गेल्यापासून या दीड वर्षात तुझ्या बापाने तुझं एक पत्र चुकवलेलं नाही. मी पाकीट फाडलं की त्याला नेमके त्याच शेल्फावरचे बल्ब पुसायचे असतात. म्हणून तर मी तुला फोन करू नकोस म्हणते. फोन मला एकटीला ऐकू येतो, त्याचा दादाला काय उपयोग?

तर काल वाचता वाचता ‘दिवे लावले’ आलं आणि माझी जीभ लुळी पडली. पण तोवर निघून गेलं होतं तोंडातून. आता या घरात दिवे लावणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला हवं का? गणितात तुला भोपळा मिळाला तेव्हा तू दिवे लावलेस. माझं ठरलेलं लग्न मी मोडलं तेव्हा मी दिवे लावले. साऱ्या गावाला दिवे विकणारा माणूस, पण नावं ठेवायला त्याला दुसरा शब्द सापडला नाही.

बाळ, नक्की काय झालं? कुठे आदळलं का? कोणाला लागलं नाही ना? त्या रडणाऱ्या बाळाचं काय? आणि दहा हजार फुटांवर म्हणजे माणसाला उतरून पळायचीसुद्धा सोय नाही. तो खोकलेबुवा एक शब्द बोलला नाही म्हणतेस, म्हणजे किती संतापला असेल!

पण पुढचं ऐक. दादा शेल्फामागून बाहेर आला. हातात फडकं तसंच. म्हणाला, “काढलं का तिला?” मी म्हटलं, तसं काही लिहिलं नाही. मग तो बराच वेळ एकच बल्ब पुसत राहिला आणि म्हणाला, “असू दे. पहिल्या दिवशी कोणाच्या हातून होत नाही? मी पहिल्या दिवशी अख्खी पेटी फोडली होती. लिही तिला. म्हणावं, चिमणे, घर आहे.”

चिमणी म्हणाला गं! लोकांना वाटतं तुझं नाव पाखरावरून पडलं. त्याने ठेवलं ते रॉकेलच्या चिमणीवरून, दुकानातला सगळ्यात लहान दिवा म्हणून. आणि तू दुकान सोडून विमानाच्या मागे गेलीस तेव्हापासून तू ‘ती’ झालीस, ‘तुझी भाची’ झालीस, फार रागात असला तर ‘बाईसाहेब’. काल पुन्हा चिमणी झालीस. मी गल्ल्यावरच रडले. एक गिऱ्हाईक ट्यूबची किंमत विचारत होतं, ते घाबरून म्हणालं, “राहू द्या, दोन दिवसांनी नेतो.”

संध्याकाळी त्याने तुझी ती उंच खुर्ची माळ्यावरून काढली, डुगडुगणारा पाय ठोकून घट्ट केला. वरच्या खोलीत नवा दिवा बसवला. जो माणूस जन्मभर माझ्यामागे फिरून बटणं बंद करत आला, त्याने रिकाम्या खोलीत दिवा लावून बघितला! ये बाई. तोंड लपवू नकोस. वहिनी गेल्यावर आम्ही दोघांनी तुला वाढवलं, ते काय तू पहिल्या नंबरने पास व्हावीस म्हणून?

काळजीने अर्धी झालेली,
आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या! आत्या! आत्या!

आधी हसले. इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि ढसाढसा रडले. ती बिचारी परत आली.

अगं, मी काही फोडलं नाही, आदळलं नाही. बाळ मजेत आहे, उतरताना गाढ झोपलं होतं. मी खरोखरचे दिवे लावले! बटण दाबून! विजेचे!

नीट सांगते. विमानाला समोर मोठे दिवे असतात, उतरायचे दिवे. आमच्याकडे नियम असा, की वर चढताना दहा हजार फूट ओलांडले की ते बंद करायचे, आणि खाली येताना दहा हजारांच्या आत आलो की लावायचे. मग दिवस असो की रात्र. डोक्यावर बटणांची पाटी आहे, आणि त्या दिवशी ती बटणं माझ्याकडे होती. सोपं वाटतं ना? पण नेमकी त्याच वेळी इतकी कामं अंगावर येतात की नवी पोरं हमखास विसरतात. मग खोकलेबुवा खोकतात. ते रागवत नाहीत, ओरडत नाहीत, चूक झाली की फक्त खोकतात. मी न सांगता, वेळेवर लावले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि खोकले नाहीत. आमच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी खोकला न ऐकलेली मी एकटीच!

म्हणून तसं लिहिलं. बाबांना टोमणा मारायचा होता. दिवे लावण्याला चांगला अर्थ आपल्या घरात चालतच नाही, हे साफ विसरले.

पण आता माझी पंचाईत झालीय. बाबा मला चिमणी म्हणाले, ते मी बुडाले असं समजून. मी चांगली तरंगतेय हे कळलं की पुन्हा बाईसाहेब? खुर्ची परत माळ्यावर? खरं सांगू, त्या नापास झालेल्या चिमणीचा मला हेवा वाटतोय.

तू सांग त्यांना. नको, थांब जरा. नाही, सांगच. तुला जमेल तसं सांग. मला काही सुचत नाहीये.

पुढच्या महिन्यात माझी शेवटची परीक्षा, खोकलेबुवाच घेणार. पास झाले की को-पायलट म्हणून कायमची.

तुझी,
(न बुडालेली) चिमणी


२१ फेब्रुवारी

चिमणे,

नाही सांगितलं. झोड मला.

तुझं पत्र या वेळी मी खरोखरच मनातल्या मनात वाचलं. दादा शेल्फामागे ताटकळला. शेवटी मीच म्हटलं, “बरी आहे, विशेष काही नाही.” जीव एवढासा झाला माझा. एकीकडे आनंदाने उड्या माराव्यात असं वाटत होतं. बिनखोकल्याची भाची माझी! आणि दुसरीकडे तो शेल्फामागे शीळ घालत होता. दादा आणि शीळ! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

समोरचा चष्मेवाला तुला माहीतच आहे, त्याच्या दुकानात चष्म्यापेक्षा बातम्या जास्त. त्याने रस्त्यातून ओरडून विचारलं, “काय हो, पोरीने विमान पाडलं म्हणे?” दादा गल्ल्यावरून उठला, रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, “पाडलं नाही. नुसते दिवे लावले. तुझ्या पोराने इतक्या उंचावर जाऊन एक तरी चूक केलीय का?” चष्मेवाल्याने बातमी अर्धी सोडून दुकानाचं शटर ओढलं, हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं.

पण आता जे लिहिणार आहे ते वाचून तू मला फाडून खाशील. दादाने दुकानाची पाटी उतरवली आहे. नवीन रंगवून घेणार म्हणतो. ‘उजेड’ हे नाव तसंच राहील. खाली बारीक अक्षरात आणखी दोन शब्द येणार. मी म्हटलं, कुठले? त्याने चिठ्ठीवर लिहून दाखवले: ‘आणि कन्या’.

आता सांग, मी कुठल्या तोंडाने सांगू?

तुझी भित्री,
आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

‘आणि कन्या’ वाचलं आणि समोरचं ताट तसंच ठेवून उठले.

आता मात्र सांग. रंगारी यायच्या आत सांग. मी दुकानात बसायला येणार नाही, आणि पाटी रंगून झाल्यावर बाबांना ते कळलं तर त्यांना ती रोज येता जाता बघावी लागेल. तसं मला त्यांना करायचं नाही. आणि हरलेली म्हणून मला जवळ घेतलेलं मला नको. जमलेली म्हणून घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर राहिलं. छे, राहिलं कसलं! घ्यावं असं मला खूप वाटतं, आत्या. रोज वाटतं.

माझ्या परीक्षेच्या फेरीचा मार्ग ठरला. १८ मार्च, दुपारी. आणि कुठे माहितेय? आपल्याच गावच्या विमानतळावर! ज्या विमानांच्या आवाजाने तुझ्या फडताळातल्या कपबशा थरथरतात ना, त्यांतलं एक त्या दिवशी माझं असेल. अगदी आपल्या गच्चीवरून.

गच्चीवर ये, पण हात हलवून उपयोग नाही, दिसायचा नाही. आणि दिसला तरी मी हूं की चूं करू शकणार नाही. दहा हजार फुटांच्या खाली आलो की कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही, असाही नियम आहे.

सांग हं.

चिमणी


५ मार्च

चिमणे,

सांगितलं एकदाचं.

सांगितलं म्हणजे काय, तुझं ते दिव्यांचं पत्र काढलं, चष्मा लावला, आणि समोरच्या चष्मेवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मनातल्या मनात वाचलं. ‘विजेचे!’ इथे शीळ थांबली. ‘बिनखोकल्याची’ वगैरे मी माझ्या पदरचं घातलं. तुझ्या परीक्षेची तारीख आणि आपल्या गच्चीवरून जाणारं विमान, तेही वाचून टाकलं. वाचून झालं. मग दादा बाहेर आला, फडकं घडी करून ठेवलं आणि चपला घालून निघून गेला.

दोन दिवस घरात शब्द नाही. रंगारी आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. पाटी भिंतीकडे तोंड करून उभी केली. मी म्हटलं, संपलं. आता हा पुढची दीड वर्षं भिंतीशीच बोलणार. तू त्या न बोलण्याच्या नियमाचं लिहिलंस ना? अगं, तुझा बाप जन्मापासून दहा हजार फुटांच्या खालीच आहे!

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना, कपाकडे बघत म्हणाला, “भर दुपारी कशाला लावतात?”

मी म्हटलं, “कोण? काय?”

“विमानवाले. दिवे. लख्ख उन्हात दिवा लावून काय दिसणार आहे त्यांना? वीज काय झाडाला लागते?”

मी म्हटलं, “मला काय ठाऊक, तूच विचार की तिला.”

“तू विचार तिला. म्हणावं, किती वॅटचे आहेत. आणि दहाच हजार का, नऊ का नाही. ढगात लावतात का तेही विचार.” मग कप ठेवून, “मला काही नाही. धंद्यातली गोष्ट म्हणून विचारतो.”

चिमणी म्हणाला नाही, ‘ती’च म्हणाला. पण प्रश्न किती गं ते! तू सविस्तर लिही. मी सावकाश वाचेन.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या (आणि शेल्फामागे बल्ब पुसत असलेल्या ‘उजेड’च्या मालकांना, धंद्यातली गोष्ट म्हणून),

वॅट आधी. आमच्या विमानाचा एकेक मोठा दिवा सहाशे वॅटचा. वर गेल्यावर त्याची गरज नसते, म्हणून बंद. हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही, पण त्या माणसाचा स्वभाव मालकांसारखाच असणार.

ढगात कधी कधी दिव्याचा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. तेव्हा कॅप्टन सांगतील तसं.

दहाच हजार का? कुठेतरी रेघ ओढायला हवी, आणि तिथे बाकीच्याही रेघा आहेत. त्याच्या खाली वेग कमी ठेवायचा, बडबड बंद, दिवे चालू. एकच आकडा असला की डोक्यात पक्का बसतो.

आता भर दुपारचं. आम्हाला काही दिसावं म्हणून तो दिवा नसतोच. दिवसा तर मुळीच नाही. आम्ही दिसावं म्हणून तो लावायचा. उंचावर जो तो आपल्या वाटेने जात असतो, मध्ये भरपूर मोकळी जागा. खाली आलं की सगळे एकाच धावपट्टीकडे गोळा होतात. मोठी विमानं, छोटी विमानं, शिकाऊ पोरं, घारी. त्या गर्दीत उन्हातलं विमान पटकन नजरेला पडत नाही, पण दिवा पडतो. लांबूनच दुसऱ्याला कळतं, की इथे कोणीतरी आहे आणि जवळ येतंय. एवढंच त्याचं काम. दिवा बघायला नाही, दिसायला लावायचा.

परीक्षेचं टेन्शन आहे, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त टेन्शन तुझ्या पुढच्या पत्राचं आहे.

चिमणी


१५ मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचलं, सावकाश. ‘बघायला नाही, दिसायला’ हे वाक्य त्याने पुन्हा वाचायला लावलं. सरळ तोंडाने म्हणाला, “परत वाच.”

आणि त्यानंतर याचं काहीतरी बिनसलं आहे बाई. दुकानातले सगळ्यात मोठे पिवळे बल्ब शेल्फावरून गायब. विचारलं तर म्हणतो, “विकले.” कोणाला? पावती नाही, गिऱ्हाईक नाही. वायरीचं अख्खं भेंडोळं गेलं. परवा धुतलेला सदरा घालून सकाळीच कुठे गेला, दुपारी आला, सांगायला तयार नाही. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली याच्या खिशात. माझे कपडे वाळत घालायची सुद्धा चोरी. चष्मेवाला दुकान टाकून वर जातो, आणि दोघं मिळून ठाकठूक करतात.

भिंतीजवळची पाटी पण दिसत नाही. मला वाटतं, फोडली. ठाकठूक तिचीच असणार. मी विचारायला धजले नाही.

तुला हे कळवावं की नाही, फार विचार केला. पण तूच म्हणालीस, लपवायचं नाही. मन घट्ट कर आणि परीक्षेवर लक्ष ठेव. त्याने पाटी फोडली तर फोडू दे. मी आहे ना. त्या दिवशी कुलूप तोडून गच्चीवर जाईन, आणि दिसो न दिसो, हात हलवेन.

आत्या


१८ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. तुझी आत्या पत्रं वाचते तशी मला लिहिता येत नाहीत. मुद्द्याचं लिहितो.

आज दुपारी तुझं विमान गेलं. आभाळ भरून आलं होतं. आधी दिवे दिसले, विमान नंतर दिसलं. म्हणजे तू लिहिलंस ते बरोबर आहे.

दुकानाची पाटी गच्चीवर आडवी टाकून चहूबाजूंनी बल्ब बसवले होते. भर दुपारी लावले. चष्मेवाला म्हणाला, वेडा झालास का, दिवसा काय दिसणार? मी म्हटलं, बघायला नाही लावले. विमानतळावर जाऊन आधी विचारून आलो होतो. तिथले साहेब म्हणाले, झोत वर टाकू नका, साधे बल्ब चालतील. तेव्हा तुझ्या डोळ्यांवर आलं नसणार.

तुझी आत्या कुलूप तोडायला हातोडी घेऊन आली होती. दार उघडंच होतं. पाटी बघून तिने हातोडी पायावर पाडून घेतली. अंगठा सुजला आहे. त्याही पायाने नाचली.

तू नापास झालीस असं वाटलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. घरी येशील म्हणून. खरं कळलं तेव्हा दोन दिवस बोललो नाही, ते रागाने नव्हे. तुझ्या पहिल्या दिवसाला कोणी खोकलं नाही आणि मी मात्र दीड वर्षं खोकत बसलो, याला काय म्हणावं ते सुचेना.

पाटी रंगवून घेतली. ‘उजेड, आणि कन्या’ असंच ठेवलं. कन्येने गल्ल्यावर बसलं पाहिजे असं पाटीवर कुठे लिहिलेलं नाही. एकाने दिवे विकायचे, एकीने लावायचे. धंदा एकच.

निकाल कळव. काहीही लागला तरी पाटी आता उतरणार नाही.

विमान गेल्यावर बटणं बंद केली.

तुझा,
बाबा

ता. क. दिसलो का?


२१ मार्च

प्रिय बाबा,

दिसलात.

दहा हजारांच्या खाली आलो, मी दिवे लावले, बोलणं बंद झालं. खाली सगळं करडं होतं, छपरं, रस्ते, आभाळसुद्धा. आम्ही धावपट्टीच्या रेषेत आलो आणि समोर, किंचित डावीकडे, एक पिवळा चौकोन दिसला. संबंध गावात तेवढाच. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग चिंचोळा रस्ता दिसला, वळण दिसलं, आणि ती गच्ची कुणाची ते कळलं. बाबा, मी पुढचा आकडा वाचून दाखवला. नियम म्हणजे नियम. अक्षरं एवढ्या उंचावरून वाचता आली नाहीत, ती तुमच्या पत्रात वाचली. तोवर मला वाटत होतं की पाटी फोडली.

खोकलेबुवांची नजरही तिकडेच गेली होती.

उतरलो, विमान जागेवर लावलं, इंजिनं बंद केली. आणि ते खोकले! चांगले खणखणीत. मी म्हटलं, मेले. काय विसरले मी? सगळी बटणं पुन्हा नजरेखालून घातली.

ते म्हणाले, “तुमच्या गावात भर दुपारी छपरावर कोणी दिवे लावलेत?”

मी म्हटलं, “बाबांनी, सर.”

“कशाला?”

“दिसावेत म्हणून, सर.”

त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला, आणि बराच वेळ चष्मा पुसला, तुम्ही बल्ब पुसता तसा. मग माझ्या कागदावर सही केली. “पास,” म्हणाले. “आणि बाबांना सांगा, वेळेवर लावले.”

पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे, घरी येतेय. खुर्ची माळ्यावर टाकू नका, मी गल्ल्यावर बसून आत्याला पत्रं वाचून दाखवणार आहे, आणि अंगठा बरा होईपर्यंत तिच्या वाटचं ओरडणारही आहे.

एक राहिलंच. लहानपणापासून जे तुमच्या तोंडून ऐकत आले, ते आज एकदा मला म्हणू द्या.

काय दिवे लावलेत, बाबा!

तुमची,
आणि कन्या